कॉव्हेंट्रीतला बांध

कॉव्हेंट्रीत विलासराव भिंताड्यांना कुणी विचारलं, "सध्या काय करता?" तर ते "रिटायर्ड आहे" असं चुकूनही म्हणत नसत. "शेती," म्हणत. विचारणारा पुण्याहून नुकताच व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला पोरगा असला तर त्याला वाटे, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. मग विलासराव खिडकीशी जाऊन लांब कुठेतरी बोट दाखवत. "त्या तिकडे. काळी जमीन आहे. बारमाही पाणी. रस्त्याला लागून."

चहा घेऊन येता येता सुहासिनीबाई उरलेली माहिती पुरवत. जमीन कौन्सिलची आहे, बारमाही पाणी म्हणजे एक नळ आहे, आणि रस्त्याला लागून म्हणजे बसस्टॉपच्या मागे. शेत एवढं मोठं की आपल्या बैठकीचा गालिचा तिथे अंथरला तर कडेने जेमतेम कोथिंबीर लावता येईल.

इंग्लंडातली कौन्सिलं शहराच्या कडेची जमीन पट्ट्या पाडून लोकांना भाजीपाला लावायला नाममात्र भाड्याने देतात. तिला अलॉटमेंट म्हणतात. इंग्रज माणूस तिथे रविवारी जातो, चार मुळे उपटतो, खुर्ची टाकून ऊन खातो आणि घरी येतो. विलासराव तिथे रोज जात, डोक्याला मफलर आणि हातात सासवडच्या बाजारातून सामानात लपवून आणलेलं खुरपं घेऊन, आणि घरी येऊन "आज शेतावर फार काम होतं" असं म्हणत पाय चेपत बसत. मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर दरवाजे बसवणाऱ्या या माणसाने दरवाज्यांबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. वाटाण्याबद्दल मात्र ते इतकं बोलत की महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक त्यांच्या शेजारची खुर्ची मोकळी ठेवत.

विलासराव मूळचे पुरंदर तालुक्यातल्या वाकणेवाडीचे. त्यांचे आजोबा आबा भिंताडे हे सासवडच्या एका इनामदाराचं कूळ होते. म्हणजे नांगर आबांचा, घाम आबांचा आणि जमीन इनामदाराची. मग कूळ कायदा आला. कसेल त्याची जमीन झाली आणि आबा एका सकाळी कुळाचे मालक झाले. त्या दिवशी त्यांनी शेतात काहीही काम केलं नाही. दिवसभर फक्त बांधावरून फेऱ्या मारल्या. कूळ असेतोवर त्यांना पिकाची काळजी होती, मालक झाल्यावर बांधाची लागली. पुढे पीक बुडालं तरी आबांना जेवण जाई, पण शेजारच्या कोलत्यांनी बांधाजवळ कुदळ नुसती टेकवली तरी रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागत नसे.

बांध कोरणं ही भिंताड्यांच्या घराण्यातली कला होती. कोवळ्या विलासला ती आबांनीच शिकवली. वर्षाला चार बोटं कोरायची. पाच कोरली की शेजारी ओरडतो आणि तीन कोरली तर आपलाच अपमान होतो. कोरलेल्या जागी वरचं गवत जसंच्या तसं परत बसवायचं, म्हणजे बांध जन्मापासून तिथेच असल्यासारखा दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोरताना शेजाऱ्याशी गप्पा मारायच्या. मुलीचं जमलं का, बैलाचा पाय कसा आहे, हे आपुलकीने विचारायचं. पलीकडून कोलतेही अशाच आपुलकीने आबांच्या दम्याची चौकशी करत कोरत असत. अशा रीतीने दोन घराण्यांचा बांध दोन्हीकडून बारीक होत होत इतका उरला की त्यावरून फक्त मुंगळे जात, तेही एका रांगेत.

पुढच्या पिढीत वाटण्या झाल्या. कुणावर अन्याय नको म्हणून चौघा भावांनी प्रत्येक शेताचे चार तुकडे केले. तुकडे इतके चिंचोळे झाले की म्हैस आडवी उभी राहिली तर तिचं तोंड थोरल्याच्या शेतात आणि शेपूट धाकट्याच्या. दूध कुणाच्या हद्दीत पडलं यावरून दोन दिवाळ्या अबोला राहिला. त्याच्याही पुढच्या पिढीत पुण्याच्या एका पार्टीने सगळे तुकडे एकदम विकत घेतले. चारही घरांत इतकं एकमत त्यापूर्वी कधीच झालं नव्हतं. विलासरावांचीही सही लागली. ती त्यांनी कॉव्हेंट्रीच्या स्वयंपाकघरात, टोस्ट खाता खाता केली. पुढे धाकट्या भावाने, श्रीकांतने फोटो पाठवला. जिथे खळं होतं तिथे पोहण्याचा तलाव होता, लोखंडी दिव्याचे खांब होते आणि कमानीवर मोठ्या अक्षरांत 'ऑक्सफर्ड मेडोज' लिहिलं होतं.

"बरं झालं," सुहासिनीबाई फोटो पाहून म्हणाल्या. "तुमच्या शेतात इंग्लंड झालं, आणि तुम्ही इंग्लंडात शेत करा."

विलासराव हसले नाहीत. फोटोत बांध कुठे दिसतोय का, ते भिंग घेऊन शोधत होते. बांध नव्हता. ज्याच्यासाठी आबा रात्र रात्र जागले ती माती कुणीतरी एका दुपारी यंत्राने सपाट केली होती. त्या वर्षापासून अलॉटमेंट हा छंद उरला नाही. भिंताड्यांच्या नावाने आता पृथ्वीवर तेवढीच माती होती, आणि तीही कुळाची.

ही पट्टी विलासरावांकडे आली ती मिस्टर डोलन नावाच्या एका आयरिश म्हाताऱ्याकडून. डोलन लेकीकडे गेले आणि जाताना एक शेड ठेवून गेले. जुने दरवाजे, एका बसची खिडकी आणि कुणाच्या तरी न्हाणीघराचा पत्रा यांची ती झोपडी होती. विलासराव तिला फार्महाऊस म्हणत. तिच्यात एक खुर्ची, एक स्टोव्ह आणि गावाकडून आणलेलं एक घोंगडं होतं. शेजारची पट्टी कित्येक वर्षं ब्लॅकबेरीच्या काट्यांनी भरलेली होती. मधून गवताची पायवाट जाई, तिच्या टोकाला डॉरीनबाई नावाच्या एका इंग्रज बाईंची पट्टी. विलासरावांनी सवयीने दरसाल चार बोटं पायवाट कोरली, पण काटेरी झुडपं ओरडत नाहीत आणि दम्याची चौकशीही करत नाहीत. मजा येईना.

आणि मग, २००४ सालच्या वसंतात, चोई आले.

चोई कोरियातल्या चोल्ला प्रांतातले शेतकरी. त्यांचा मुलगा कॉव्हेंट्रीत इंजिनियर होता. त्याने आईवडिलांना आणलं आणि बापाला घरात करमेना म्हणून अलॉटमेंट घेऊन दिली. वेताची रुंद टोपी, पांढरे कापडी हातमोजे आणि मागे हात बांधलेले, असे ते पहिल्या दिवशी उगवले. विलासराव शेडच्या खिडकीतून बघत होते. नवा भाडेकरू आला की आधी माती हातात घेतो, वास घेतो, मान डोलावतो. चोईंनी मातीकडे पाहिलंच नाही. ते पायवाटेपाशी गेले, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू चालले, आणि मध्ये एका ठिकाणी थांबून त्यांनी बुटाच्या टाचेने कड दाबून पाहिली.

विलासरावांच्या अंगावर काटा आला. कितीतरी वर्षांनी त्यांना आपल्यातला माणूस भेटला होता. त्या संध्याकाळी ते घरी शीळ घालत आले. सुहासिनीबाईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून शेजारधर्म सुरू झाला. विलासरावांचं इंग्रजी कारखान्यात घडलेलं, चोईंचं टीव्हीवरच्या बागकामाच्या कार्यक्रमातून आलेलं. त्यामुळे 'गुड मॉर्निंग'च्या आधी चोईंना 'कंपोस्ट' येत असे. पण गरजेपुरतं दोघांचं उत्तम जमे. विलासराव विचारत, "सून कशी आहे? तिचा गुडघा?" आणि विचारता विचारता खुरप्याने चार बोटं आत येत. चोई म्हणत, "गुडघा गुड. तुमचं बीपी?" आणि त्यांची छोटी वाकडी कुदळ पलीकडून तेवढंच काम करी. वर दोघेही गवत परत बसवत. चोईंचं गवत बसवणं पाहून विलासराव चाट पडले. सांधा दिसत नव्हता. मनातल्या मनात त्यांनी चोईंना बढती देऊन 'चोईअण्णा' केलं.

भाज्यांची देवाणघेवाण सुरू झाली. इकडून मेथीचे पराठे गेले, तिकडून कोबीचं लालभडक आंबट लोणचं आलं. डबा उघडला तेव्हा सुहासिनीबाईंनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि शेजारची मार्गारेट विचारायला आली की ड्रेनेज तुंबलंय का. पण भाकरीबरोबर ते लोणचं असं काही लागलं की पुढच्या खेपेला बाईंनीच रिकामा डबा पाठवून आठवण केली. त्यांना वाटे, आपल्या नवऱ्याला या वयात एक मित्र मिळाला. ते खरंच होतं. फक्त मैत्री कशावर उभी आहे आणि ती रोज किती बारीक होते आहे, हे बाईंना माहीत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी चोईंनी एक डाव टाकला. विलासराव सकाळी जाऊन पाहतात तो पायवाटेच्या ऐन कडेला सोयाबीनची रोपं ओळीने उभी. विलासरावांनी मनातल्या मनात टाळी दिली. वाकणेवाडीत आबा असेच बांधावर तूर टोचत. शेतातलं पीक पोटासाठी असतं, बांधावरचं पीक शेजाऱ्याला दाखवायला. विलासरावांनी त्याच दिवशी आपल्या कडेला शेपू पेरला. शेपू फोफावला. सोयाबीन झुकलं. पायवाट दिसेनाशी झाली. दोघेही आपापल्या हद्दीत उभे राहून हवा छान आहे यावर एकमत करत राहिले.

डॉरीनबाई अलॉटमेंटच्या सेक्रेटरी होत्या. वय ऐंशीच्या आसपास, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि प्रत्येक माणसाला, मांजराला व भाजीला 'लव्ह' म्हणायची सवय. डेलियाची फुलं हा त्यांचा प्राण होता. २००६ च्या जूनमध्ये एका सकाळी त्या घोड्याच्या लिदीने शिगोशीग भरलेली एकचाकी गाडी ढकलत आपल्या पट्टीकडे निघाल्या. अर्ध्या वाटेत गाडीचं चाक शेपूत शिरलं, बाईंचा पाय सोयाबीनमध्ये गेला, गाडी कलंडली आणि सगळी लीद विलासरावांच्या वाटाण्यावर पडली. विलासरावांना पहिल्यांदा वाटलं, फुकट खत मिळालं. मग त्यांनी डॉरीनबाईंचा चेहरा पाहिला.

बाई उठल्या. त्यांनी शेपू बाजूला केला, सोयाबीन बाजूला केलं आणि खाली पाहिलं. पायवाटेच्या जागी एक पाऊल मावेल एवढी गवताची रेघ होती.

"लव्ह," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "माझी वाट कुठे गेली?"

विलासरावांनी चोईंकडे पाहिलं. चोईंनी विलासरावांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट दाखवलं.

संध्याकाळपर्यंत कमिटी बसली आणि निरोप आला. ही वाट डॉरीनबाईंच्या वडिलांनी लढाईच्या काळात बांधली होती. बाँबने पडलेल्या घरांच्या विटा आणून त्यांनी तिच्या दोन्ही कडा बसवल्या होत्या. गवताखाली त्या विटा अजून असणार. रविवारी खणून बघायचं. विटा ज्याच्या वाफ्यात निघतील त्याने वाट खाल्ली, आणि त्याची पट्टी काढून घ्यायची. अलॉटमेंटसाठी ताटकळत बसलेली माणसं शहरभर होती. एकदा गेलेली पट्टी विलासरावांच्या हयातीत परत मिळण्यातली नव्हती.

विलासरावांचं जेवण उडालं. लीड्सला सॉलिसिटर असलेल्या लेकीला, मीनलला त्यांनी फोन लावला. घरांच्या खरेदीविक्रीची कामं ती करत असे. बारा वर्षांची वहिवाट झाली की इंग्लंडात जमीन आपली होते असं आपण ऐकलंय, हे खरं का, असं त्यांनी विचारलं.

"बाबा, ते वेगळं आहे. अँड द लॉ हॅज चेंज्ड. आणि यू आर अ टेनंट."

"टेनंट म्हणजे कूळच ना? मग झालं तर. कुळाचीच तर जमीन होते."

"इकडे तसा नसते, बाबा. प्लीज, तिथे जाऊन आबांचा गोष्ट सांगू नका. आणि खरं सांगा, तुम्ही पाथ खाल्लात?"

विलासरावांनी फोन सुहासिनीबाईंकडे दिला. बाईंनी लेकीला सांगितलं की खाल्ला असणारच, यांच्या आजोबांनी अख्खा बांध खाल्ला होता. मग फोन ठेवून त्या नवऱ्यासमोर बसल्या. त्यांनी विचारलं, चोईंनीही खाल्लाय ना? विलासराव म्हणाले, खाल्लाय, पण माझ्यापेक्षा कमी. तो मागून आला. आणि पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की आपण देवापाशी काय मागतोय. विटा चोईअण्णांच्या लसणात निघू देत, एवढंच मागत होते.

रविवारी ऊन कडक होतं. डॉरीनबाई खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर मांजर, शेजारी किटली. सुरुवात चोईंच्या बाजूने करायची ठरली. खणायला विलासराव इतक्या उत्साहाने पुढे झाले की बाईंना भुवया उंचावाव्या लागल्या. लसणाचा एक वाफा गेला, दुसरा गेला. वीट नाही. चोई शांतपणे उपटलेला लसूण जुड्या बांधून ठेवत होते.

मग विलासरावांची बाजू. आता कुदळ चोईंच्या हातात. विलासरावांनी त्यांचा लसूण जसा भसाभस उपटला होता तसा चोईंनी वाटाणा उपटला नाही. एकेक वेल मुळाच्या मातीसकट काढून त्यांनी सावलीत ओल्या पोत्यावर निजवला. विलासरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटाण्याखाली वीट नव्हती. त्यापलीकडे बटाटे होते, त्यांच्याखालीही नव्हती. आपण वाचलो असं कुणालाही वाटलं असतं. विलासरावांना मात्र घाम फुटायला लागला. विटा चोईंकडे नाहीत, इथे नाहीत, मग त्या कुठे आहेत? आणि त्यांना आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी शेडच्या दाराचा कुजलेला खांब बदलताना पहार कशावर तरी आपटली होती.

डॉरीनबाई किटली भरायला नळावर गेल्या होत्या. चोई खणत खणत शेडच्या उंबऱ्यापाशी आले आणि कुदळ वाजली. ठण्ण.

काळपट, एका कडेला धुराने माखलेली लाल वीट. तिच्या शेजारी दुसरी. ओळ सरळ फार्महाऊसच्या खाली जात होती.

दोघंही शेतकऱ्यांच्या पोटचे. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. मूळची वाट शेडच्या जागी होती. म्हणजे आयरिश डोलननी वाटेवर शेड उभी केली होती आणि वाट बिचारी बाजूला सरकली. पुढे विलासरावांनी ती आणखी सरकवली. शेडपासून इथवरचे बटाटे, तो वाटाणा, तो शेपू, सगळं मुळात चोईंच्या पट्टीतलं होतं. चोईंनी दोन वर्षं जिवाच्या आकांताने जी माती चोरली ती त्यांचीच होती.

विलासराव उंबऱ्यावर बसले. नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता, तो थांबला की डॉरीनबाई येणार. चोई त्यांच्या शेजारी टेकले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि विटेकडे बघत सावकाश बोलायला लागले. इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून सलग कधीच आली नव्हती.

त्यांचे आजोबाही कूळच होते. अर्धं भात जमीनदाराला जाई. पुढे सरकारने कुळांना जमिनी दिल्या. त्या दिवसापासून त्यांच्या वडिलांचं आणि शेजारच्या पार्कांचं बांधावरून जुंपलं. वडील बांधावर सोयाबीन लावत, पार्क रात्री ते उपटत. पुढे चोई आणि धाकटा पार्क यांनी तो वारसा नेटाने चालवला. गावातली पोरं सोलला गेली. एकेक शेत विकलं गेलं. शेवटी या दोघांचीही शेतं विकली गेली आणि दोन्ही घेतली एकाच माणसाने. सोलमधला दातांचा डॉक्टर. त्याने ती अजून पाहिलेलीही नाहीत. मधला बांध यंत्राने काढून टाकला.

"पार्क आता सोलमध्ये," चोई म्हणाले. "माझ्या लेकीच्याच बिल्डिंगमध्ये, फार वर. आम्ही फोन करतो. हवामान विचारतो. भांडायला काही नाही."

"आमच्याकडे पोहण्याचा तलाव झाला," विलासराव म्हणाले.

चोईंनी मान हलवली. तलावाचं त्यांना जास्त न सांगता समजलं. "इथे आलो," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी वाट पाहिली. कड कोरलेली. गवत परत बसवलेलं. फार छान बसवलेलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, शेजारी चांगला आहे."

नळ बंद झाला. रबरी बुटांचा फटफट आवाज जवळ आला. चोई उठले, टोपी घातली आणि आपला उजवा पाय विटेवर ठेवून उभे राहिले. दुसरी वीट उघडीच राहत होती. तिच्यावर त्यांनी डावा ठेवला.

"सापडलं काही, लव्ह?" डॉरीनबाईंनी विचारलं.

"दगड," चोई म्हणाले. "फक्त दगड. कंपोस्ट उत्तम."

डॉरीनबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. लहानपणी बापाच्या हाताखाली याच विटा त्यांनी वाहिल्या असणार. मग त्यांनी शेडकडे पाहिलं, बसच्या खिडकीकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की विलासरावांना वाटलं, डोलन शेड बांधत होता तेव्हा या बाई नक्की काय करत होत्या? तेव्हा म्हणे डोलन दिसायला फार देखणा होता. निदान कमिटीतल्या एका म्हाताऱ्याने पुढे तसं सांगितलं.

"माझ्या बापाला सरळ ओळ कधीच जमली नाही," बाई अखेर म्हणाल्या. "विटा गेल्या असतील कुठेतरी. मला माझी गाडी जाईल एवढी वाट पाहिजे. कोण किती देतो?"

विलासराव उठले. घसा खाकरला. तीन पिढ्यांत कुठल्याही भिंताड्याने बांधाशी उभं राहून जे वाक्य उच्चारलं नव्हतं ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"सगळी माझ्याकडून घ्या."

"नो," चोई म्हणाले. "अर्धी माझी."

"अहो चोईअण्णा, तुम्हाला समजत नाही का? माझ्याकडून घेऊ द्या."

"अर्धी."

यावरून दोघांचं जे कडाक्याचं भांडण लागलं तसं सगळी वाट खाताना कधी लागलं नव्हतं. विलासराव मराठीत गेले. चोई कोरियनमध्ये गेले. पलीकडच्या पट्ट्यांवरचे लोक कुदळी टाकून बघायला आले आणि त्यांना वाटलं, दोघे जमिनीसाठी भांडताहेत. मांजर उठून निघून गेलं. शेवटी डॉरीनबाईंनी आपली रिकामी गाडी दोघांच्या मधून ढकलत नेली. चाक जिथून गेलं ती वाट ठरली, आणि ती विलासरावांच्या बाजूला जरा जास्तच गेली, कारण त्या वेळी त्यांनी चोईंना कोपराने मागे दाबून धरलं होतं. दंड म्हणून डॉरीनबाईंनी हंगामभर वाटाणा आणि 'ते लाल वास येणारं' लोणचं मागितलं. काढलेले वाटाण्याचे वेल चोईंनी स्वतः नव्या जागी लावून दिले. बरेचसे जगलेही. लसूण विलासराव दोन पिशव्या भरून घरी घेऊन गेले आणि सुहासिनीबाई महिनाभर ठेचा करत बसल्या.

घरी आल्यावर बाईंनी विचारलं, जमीन राहिली का? राहिली, विलासराव म्हणाले. शेडसुद्धा? शेडसुद्धा. मग चेहरा असा का? विलासरावांनी सांगितलं की आता बांध कोरता येणार नाही. ज्या माणसाने स्वतःच्या मातीची खूण आपल्यासाठी पायाखाली झाकली त्याच्याकडून चार बोटं कशी घ्यायची? आबा असते तर म्हणाले असते, जमीन राखलीस पण धंदा घालवलास.

पुढचा वसंत आला. विलासराव रोज शेतावर जात, नव्या वाटेच्या कडेला खुरपं घेऊन उकिडवे बसत आणि नुसतेच गुडघा, सून, हवामान विचारून उठत. चोईही पलीकडे बसून बीपी विचारत आणि उठत. वाट रुंद, सरळ आणि मेल्यासारखी पडली होती. डॉरीनबाईंची गाडी तिच्यावरून खडखडत जाई. दोघेही म्हातारे झाल्यासारखे दिसायला लागले. एप्रिलमध्ये चोई दोन दिवस आलेच नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला की बाबा म्हणतात, शेतात काही काम नाही.

तिसऱ्या दिवशी विलासराव उजाडता उजाडता निघाले. खुरपं काढलं. चोईंच्या मातीला त्यांनी हात लावला नाही. वाटेची चोईंकडची कड त्यांनी आपल्याकडे ओढली आणि आपल्या बाजूची तेवढीच मागे सरकवली, चार बोटं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वर गवत असं बसवलं की आबांनीही सांधा शोधत बसावं. अख्खी वाट चार बोटं भिंताड्यांच्या शेतात आली आणि चार बोटं माती चोईंच्या पदरात पडली. मग शेडमध्ये जाऊन खिडकीतून बघत बसले.

चोई दुपारी आले. मागे हात बांधून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालले. मध्ये थांबले, टाचेने कड दाबली. वाकून गवताचा सांधा शोधला. शेडच्या खिडकीकडे त्यांनी अजिबात पाहिलं नाही. खिशातून मूठभर सोयाबीन काढलं आणि नव्या कडेला ओळीने टोचायला लागले.

विलासराव खिशातलं भिंग काढत बाहेर आले आणि कडेपाशी वाकले. दिलेल्या चार बोटांत सोयाबीन होतं. पण ओळ तिथे संपत नव्हती. शेवटचे दाणे आणखी एक बोट पुढे, सरळ वाटेच्या गवतात टोचलेले होते.

विलासरावांनी मफलर घट्ट केला. "काय चोईअण्णा," ते उकिडवे बसत, खुरपं जवळ ओढत, अतिशय आपुलकीने म्हणाले, "सूनबाईंचा गुडघा काय म्हणतो?"